तानी नागपूरला गेली

मंगरूळपीर
८ ऑगस्ट २०२५

रिंकू,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही, मला ठाऊक नाही. जालन्याचा हा पत्ता तुझ्या शेवटच्या कार्डावरून उतरवून घेतला आहे आणि त्या कार्डावर २००६ चा शिक्का आहे. तुझ्या सासरचं दुकान अजून तिथंच असेल, तर घरचं कुणी ना कुणी तुला पोचवेल.

मी वर्षाराणी. तुझ्या माहेरच्या घराच्या मागची, बहिरी वर्षा.

मी बरी आहे. शिवणकाम चांगलं चालतं, हाताखाली तीन बाया आहेत. आई-बाबा दोघंही गेले. मी नानाजीदादाकडं राहते. वहिनीचं नाव चंदाबाई. ती तुझ्या लग्नानंतर या घरात आली, त्यामुळं तू तिला पाहिलेलं नाहीस. इतकी वर्षं पत्र लिहायचं राहून गेलं. काम फार असतं.

आज लिहायचं कारण टीव्ही आहे. हसू नकोस.

दादानं गेल्या महिन्यात नवा टीव्ही आणला. लांबट, जवळजवळ भिंतभर. इंटरनेटवर चालतो. परवा दुपारी मी मशीनवरून मान वर केली तर समोर गोदावरी! आपली रविवारची गोदावरी. तिच्या मालिकेचे भाग कुणीतरी घरच्या कॅसेटवर उतरवून ठेवले होते, ते आता सगळ्यांसाठी टाकले आहेत. वहिनीला ते सापडले. तेहतीस वर्षांनी ती बाई मला दिसली, आणि दिसली कशी? दोन्ही कानांना धरून कुणी ओढल्यासारखी. गाल पसरलेले, डोळे लांब झालेले. तिचा सासरा तर भोपळा.

मी दादाला म्हटलं, हे चित्र ताणलेलं आहे. मालिका होती जुन्या चौकोनी टीव्हीसाठी, हा पडदा लांबट, म्हणून भरायला आडवं ओढलंय.

दादा म्हणाला, "ओढलं नाही, मोठं झालं. येवढा टीव्ही आणला अन् दोन्ही बाजूनं काळ्या पट्ट्या कायले ठेवाच्या? पडदा पुरा भरला पाह्यजे."

वहिनी म्हणाली, "पण सारे जाडेजुडे दिसून राह्यले."

"चांगल्या घरचे हायेत, खाऊन-पिऊन."

दादाला चेहरे जाड दिसले काय नि बारीक दिसले काय, गोष्ट कानानं कळते. माझं तसं नाही. मी ओठ वाचते. ताणलेल्या तोंडात ओठांचा चंबू होतच नाही. 'ओ' आणि 'आ' सारखेच दिसतात. मी रिमोटवरचे सगळे पर्याय लावून पाहिले. एकानं चेहरे सरळ झाले, पण वरून केस आणि खालून हनुवटी कापली गेली. जवळून दाखवलेल्या चेहऱ्याचा खालचा ओठच गायब. शेवटी मी शिवणाऱ्या बाईचं डोकं चालवलं. गोदावरीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक घड्याळ आहे. चित्र थांबवलं, पडद्याला टेप लावली. आडवं आठ इंच, उभं सहा. मग ते घड्याळ दोन्हीकडून सहा इंच भरेपर्यंत बटणं दाबत राहिले. भरलं तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे गोदावरी होती तशी उभी राहिली.

आता आमचं ठरलंय. दुपारी टीव्ही माझा, पट्ट्यांसकट. संध्याकाळी दादाचा.

रिंकू, मला तुझी आठवण आली ती तिथंच. रविवारी सकाळी तुमच्या घरी गल्लीतली सगळी पोरं टीव्हीकडं तोंड करून बसायची, आणि तू एकटी स्टूल घेऊन टीव्हीच्या शेजारी, माझ्याकडं तोंड करून. पडद्यावरचं कानानं ऐकायचीस आणि ओठांनी मला सांगायचीस. मी तुझ्याच तोंडाकडं पाहत असायचे, म्हणून ती मालिका मी नीट पाहिली नाही. आणि काल माझ्या ध्यानात आलं, तू तर मुळीच पाहिली नाहीस. सहा महिने नुसती ऐकलीस. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला पडद्याकडं पाठ करून बसायला किती जड गेलं असेल! तेव्हा मला ते समजलं नाही, आणि मी तुला कधी काही म्हटलंही नाही.

आता म्हणते. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

नऊ भाग पाहून झाले. तू मला शिकवलेलं वाचणं वापरून मी आता थेट गोदावरीचेच ओठ वाचते आहे.

तुझी,
वर्षा


मंगरूळपीर
१९ ऑगस्ट २०२५

रिंकू,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र लिहिते आहे, कारण पहिल्यात मी खोटं लिहिलं. कामामुळं पत्रं राहिली, हे खरं नाही. त्याकडं येते. आधी तानीचं सांगू दे.

तानी आठवते? गोदावरीच्या सासरची मुकी मोलकरीण. आपल्याएवढीच होती. अकराव्या भागात सासरा तिच्याकडं बोट दाखवून ओरडतो. तू तेव्हा मला सांगितलं होतंस, 'तानीला बरं नाही, तिला मोकळ्या हवेत बसवा, असं म्हणतो.' मी विचारलं, मग एवढा चिडला का? तू म्हणालीस, 'काळजीनं.'

गेल्या आठवड्यात मी त्याचे ओठ वाचले. तीनदा मागं नेऊन वाचले. मग वहिनीला हाक मारली.

"वहिनी, हा काय म्हणतो?"

वहिनीनं ऐकलं आणि पदरानं हात पुसत राहिली. "राहू द्या नं, बाई."

"सांगा."

"हे मुकं जनावर माझ्या घरात नको, म्हणते थो."

माझं वाचणं बरोबर होतं. मग मी बसूनच राहिले, गिऱ्हाईक आलं तरी उठले नाही. त्या घरातलं जवळजवळ प्रत्येक माणूस तानीला काही ना काही बोलतं. तू त्यातलं एक वाक्यही माझ्यापर्यंत येऊ दिलं नाहीस. कुणी शिवी दिली की तू मला काहीतरी दुसरंच सांगायचीस, जागच्या जागी, थांबून विचार न करता.

चौदाव्या भागात विहिरीपाशी माणसं जमतात आणि गोदावरी रडते. हा भाग मला चांगला आठवत होता. तू म्हणाली होतीस, 'तानी नागपूरला शिकायला गेली. हिला तिच्याशिवाय करमत नाही, म्हणून रडते.' वहिनी माझ्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "जीव देते नं थे पोरगी. तुमाले माहीत नव्हतं?"

नव्हतं, रिंकू. माझी तानी नागपूरला गेली होती. पुढं प्रत्येक रविवारी मी तुला विचारायचे, तानीची काही खबर? आणि तू द्यायचीस. गोदावरीला तिचं पत्र आलं. ती मशीन शिकते आहे. तिनं पहिलं झबलं शिवलं. मालिकेत हे काहीच नाही. मी सव्वीसही भाग पाहिले. चौदाव्यानंतर तानीचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

आता मी चौदा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट आठव. आमच्या घरी माझं पुढं काय करायचं, हा विषयच निघत नसे. भाकरी थापायची, शेळ्या पाहायच्या, झालं. मी बाबांपुढं हट्ट धरला, तानी गेली तर मी का नाही? बाबांनी मला हाताला धरून तुमच्या घरी आणलं. तुझी आई, आमच्या हीराबाई काकू, अंगणात डाळ निवडत होत्या, तू दारात उभी होतीस. बाबांनी विचारलं, "वहिनी, हे पोट्टी म्हणते टीव्हीतली मुकी पोरगी नागपूरले शिकाले गेली. खरं हाय काय?"

काकूंनी आधी तुझ्याकडं पाहिलं. मी काकूंच्या तोंडावरून नजर हलवली नाही. त्या म्हणाल्या, "हो भाऊ, गेली. मशीन शिकली, आता सोताच्या पायावर उभी हाय. आपली वर्षा बी जाईल."

मी गेले. अकोल्याला मुलींच्या वसतिगृहात दोन वर्षं राहिले आणि शिकून आले. आज माझ्याकडं जे काही आहे, ही खोली, ही मशीनं, गावात मिळणारा मान, ते सगळं तिथून आलं. तू मला खरं सांगितलं असतंस तर मी कशाच्या जोरावर हट्ट धरला असता?

आता माझं खोटं.

मे १९९९. तुझं लग्न. तुझे चौदा ब्लाऊज मी शिवले होते. मांडवात मी मागच्या खांबापाशी उभी होते. तुझ्या नणंदेनं माझ्याकडं बोट करून तुला काहीतरी विचारलं, आणि तू म्हणालीस, 'ती? कुणी नाही. मुकी आहे, आमचे कपडे शिवते.'

मी न जेवता घरी आले. त्यानंतर आठ वर्षं तुमचं पर्युषण संपलं की तुझं क्षमा मागायचं कार्ड यायचं. छापील मजकुराखाली तू पेननं लिहायचीस, 'वर्षा, माझं काही चुकलं असेल तर माफ कर.' आठही कार्डं माझ्याजवळ आहेत. एकालाही उत्तर दिलं नाही. तुला तुझं तुलाच आठवावं, अशी माझी अट होती आणि ती अट मी तुला कधी कळवली नाही. काकू गेल्याचं समजलं तेव्हाही आले नाही. दोन दिवस पिशवी भरून ठेवली होती. तुझे वडील पूनमचंद काका मला पाहून काय म्हणतील असं वाटलं, आणि पिशवी रिकामी केली.

काकूंचे आभार मानायचे राहिले ते आता राहिलेच. निदान तुझे राहू नयेत.

वर्षा


मंगरूळपीर
६ सप्टेंबर २०२५

प्रिय रिंकू,

तुझं पत्र आलं. पोस्टमन दारात उभा होता आणि मी त्याच्यासमोरच फोडलं.

तू फोन नंबर दिला आहेस. त्यावर लहानसहान निरोप पाठवत जाईन, पण हे उत्तर मला कागदावरच द्यायचं आहे.

तू लिहितेस की ते वाक्य तू विसरली नव्हतीस. नणंदेनं विचारलं होतं, ही तुमच्या घरातली का, हे तुमच्या रक्तात आहे का? तू घाबरलीस. मांडवातून लग्न मोडतं की काय, असं वाटलं, आणि तोंडातून ते निघून गेलं. वर्षाला कुठं ऐकू येणार, असंही मनात आलं. आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की हिला वाचायला आपणच शिकवलंय. पुन्हा खांबाकडं पाहिलंस तर मी तिथं नव्हते. म्हणून ती कार्डं.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं आणि तू दरवर्षी त्याचीच माफी मागत होतीस. मी मात्र समजत होते की तू छापील कार्डावर रीत म्हणून दोन शब्द खरडतेस. मी आज ती आठही कार्डं पुन्हा वाचली. दर वर्षी अक्षर थोडं मोठं होत गेलंय. ते मला तेव्हा दिसायला हवं होतं.

माझ्याकडून ते संपलं, रिंकू. एकोणीस वर्षांची पोर होतीस आणि घाबरली होतीस. माझ्यामुळं तुझं नुकसान झालं नाही, याचा आज मला आनंदच आहे. मी आठ वर्षं तुला ताटकळत ठेवलं, त्यासाठी तूही मला माफ कर.

पण तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या पानानं मला रडवलं. बाबा मला घेऊन आले होते त्या संध्याकाळी काकूंनी तुला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, 'तू पोरीला खोटं सांगितलं, मी तिच्या बापाला सांगितलं. आता आपल्याला ते खरं करून द्यावं लागेल.' अकोल्याच्या वसतिगृहातल्या बाईंना काकूंनीच पत्र लिहिलं. एकदा नाही, तीनदा. त्या बाई बहिऱ्या मुलीला घ्यायला तयार नव्हत्या. शेवटी काकू स्वतः एसटीनं अकोल्याला जाऊन आल्या.

मला तीस वर्षं वाटत होतं की माझा अर्ज सरळ मंजूर झाला.

त्या वसतिगृहातल्या बाई पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, 'तुझ्यासाठी कुणीतरी फार भांडलंय.' मी त्यांचे ओठ वाचले, पण मला वाटलं मी चुकीचं वाचलं. त्या वेळी मी नवीनच होते.

दिवाळीनंतर ये. सोयाबीन निघालेलं असेल, दादाला उसंत असेल. शेलूबाजारला उतर, मी घ्यायला येते. आणि येशील तेव्हा गोदावरी पाहा. एकदा तरी डोळ्यांनी.

तुझी,
वर्षा


मंगरूळपीर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रिंकू,

जालन्याला नीट पोचलीस, हा तुझा निरोप मिळाला. इथं घर रिकामं झाल्यासारखं वाटतं. दोनच दिवस राहिलीस, पण वहिनी अजून दोन कप चहा जास्त टाकते.

शेलूबाजारला बसमधून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही, हे तोंडावर म्हणाले नव्हते. जाड भिंगाचा चष्मा, पांढरे केस. तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि आवाज न करता ओठांनी म्हणालीस, 'वर्षे.' मग ओळखलं.

तू टीव्हीपुढं बसलीस तो वेळ मी विसरणार नाही. पहिल्या भागाची पाच मिनिटं झाली असतील, आणि तू म्हणालीस, "इतकी सुंदर होती ही? मला वाटायचं जाडजूड असेल, आवाज भारदस्त आहे ना." दादा लगेच म्हणाला, "मी दाखवतो नं जाडजूड," आणि त्यानं रिमोट हातात घेतला. वहिनीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. चौदावा भाग तू नको म्हणालीस. मीही आग्रह केला नाही.

पण हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. ती तू गेल्यावर घडली, म्हणून तुला ठाऊक नाही.

आमच्या घरी संध्याकाळी सगळे सोबत जेवतात. दादा बोलतो, वहिनी बोलते, हसतात. मी खाली मान घालून जेवते. घास तोंडात असला की माणसांचे ओठ वाचता येत नाहीत, आणि कोण कधी बोलेल ते कळत नाही. 'काय झालं?' असं विचारलं की उत्तर मिळतं, 'काही नाही, तसंच.' यात कुणाचा दुष्टपणा नाही. रिंकू, मी कुणाची तक्रार करत नाही. हसून झाल्यावर तेच पुन्हा सांगायला माणसाला कंटाळा येतो. मीही विचारणं केव्हाच सोडलं होतं.

तू दोन दिवस माझ्यासमोर बसून जेवलीस. दादा काही बोलला की तू घास खाली ठेवायचीस, माझ्याकडं पाहायचीस आणि सांगायचीस. तुला त्यात काही विशेष वाटलं नाही. तुझी सवयच ती. पण दादा पाहत होता. दुसऱ्या दिवशी मी जेवताना मोठ्यानं हसले तेव्हा त्याचा हात ताटातच थांबला होता, ते मी पाहिलं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. दादा वहिनीला काही सांगत होता आणि वहिनी हसून हसून लाल झाली. मी आपलं वरण ओढून घेतलं. तर दादानं माझ्या ताटाशेजारी बोटं आपटली. मी वर पाहिलं. त्यानं तोंडातला घास गिळला, पाण्याचा घोट घेतला, माझ्याकडं पूर्ण वळून बसला, आणि एकेक शब्द मोकळा करत सांगायला लागला.

"आपला किसनसिंग नाही काय, शेताशेजारचा? थो भाच्यासाठी पोरगी पाहाले मेडशीले गेला. भलत्याच घरात जाऊन बसला. त्या लोकायनं बी पोहे देल्ले, चहा देल्ला. यानं चहा आणणाऱ्या पोरीले पाहून सांगतलं, आमाले पसंत हाय. तर थे त्या घरची सून निघाली! अन् सासू म्हणते, 'घेऊन जा, पण परत आणून द्याल, सकाळी भाकरी कोन टाकीन?'"

तसा काही फार मोठा विनोद नव्हता. पण मी इतकी हसले की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि वहिनी उठून माझी पाठ चोळायला लागली. दादा माझ्याकडं काळजीनं पाहत राहिला. त्याला वाटलं, हिला नीट समजलं नाही, भलतंच काही वाचलं. म्हणून त्यानं ताट बाजूला सारलं आणि किसनसिंग मेडशीच्या बसमध्ये चढला तिथपासून सगळं पुन्हा सांगितलं.

मी पुन्हा हसले.

तुझी,
वर्षा